नवीन पिल्लू आणि पार्वो: रक्त दिसायची वाट बघू नका

पावसाळा संपत आला की आपल्या बेळगाव भागात गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसायला लागतात आणि मग अनगोळ असो, येळ्ळूर असो, खानापूर असो नाहीतर निपाणी, कुणाच्या ना कुणाच्या घरात तेच ऐकू येतं, "परवापर्यंत उड्या मारत होतं ओ, आज भाकरीला तोंड पण लावत नाही, उलट्या काढतंय." शेजारचे काका सांगतात जंत असतील, वहिनी म्हणतात काहीतरी खाल्लं असेल बाहेर, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं की एक दिवस बघूया. पार्वोमध्ये जीव जातो तो बहुतेक वेळा या "एक दिवस बघूया" मध्ये. हे लिहितोय ते पहिल्यांदाच पिल्लू आणलेल्यांसाठी, वाचून कुणी डॉक्टर होणार नाही पण डॉक्टरकडं कधी पळायचं, जाताना काय न्यायचं, घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही एवढं तरी कळेल.

आधी हे काय आहे ते

पार्वो हा व्हायरस आहे, जंत नाही की बाहेरची बाधा नाही. १९७८ मध्ये तो कुत्र्यांमधला नवीन रोग म्हणून ओळखला गेला, मांजरांच्या तशाच एका जुन्या व्हायरसच्या जातकुळीतला, आणि दोनेक वर्षात जगभर पोचला. शरीरात ज्या पेशी भराभर वाढत असतात तिथंच हा घुसतो, म्हणजे आतड्याचं आतलं अस्तर आणि हाडांच्या आतला मगज जिथं रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार होतात. आता गंमत बघा (गंमत कसली), आतड्याचं अस्तर सोलून निघालं की खाल्लेलं प्यायलेलं काहीच अंगी लागत नाही, उलट अंगातलं पाणी उलटी-जुलाबातनं बाहेर जातं, आणि त्याच फाटक्या अस्तरातनं पोटातले जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच वेळी संपलेल्या असतात. म्हणून पिल्लू मरतं ते पाणी आणि साखर संपून आणि रक्तात जंतू पसरून. हे नीट डोक्यात ठेवा कारण पुढचे सगळे उपचार याच दोन गोष्टींभोवती आहेत, व्हायरसला मारणारी गोळी आपल्याकडच्या दवाखान्यात मिळत नाही.

सगळ्यात जास्त धोका ६ आठवडे ते ६ महिन्यांच्या पिल्लाला, त्यातही लस न झालेल्या किंवा अर्धवट झालेल्या. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, पिटबुल या जातींना जास्त जोरात होतो असं दिसून आलंय. पण "गावठीला काय होत नाही" हे जे आपल्याकडं छातीठोक सांगतात ते साफ चुकीचं आहे, रस्त्यावरची जी पिल्लं जगली तीच आपल्याला दिसतात, जी गेली ती कुणी मोजत नाही. मुधोळ (आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्र्याची जात) पण सुटत नाही. मोठं कुत्रं लस नसेल तर त्याला पण होऊ शकतो, फक्त प्रमाण कमी.

येतो कुठनं? आजारी कुत्र्याच्या विष्ठेतनं. पिल्लू घराबाहेर गेलंच नाही मग कसं झालं असं सगळे विचारतात. तुम्ही बाहेर गेला होता की. चपलेला, गाडीच्या टायरला, हाताला, कपड्याला लागून तो घरात येतो आणि हा व्हायरस भारी चिवट आहे, सावलीतल्या ओलसर मातीत महिनोन् महिने, कधी वर्षभरसुद्धा टिकतो. आपल्याकडं खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर चार महिने ऊन कशाला म्हणतात ते दिसत नाही, अंगण कायम ओलं. माणसाला हा पार्वो होत नाही, गाई-म्हशी-शेळ्यांना होत नाही, त्यामुळं घरातल्या लहान मुलांची आणि गोठ्याची काळजी नको. मांजर मात्र असेल तर तिला लांब ठेवा, याचे काही प्रकार मांजराला लागू शकतात.

ओळखायचं कसं

व्हायरस अंगात गेल्यापासनं लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ पर्यंत. म्हणजे आज आणलेलं पिल्लू चौथ्या दिवशी आजारी पडलं तर तुमच्या घरात काही झालं असेलच असं नाही, ते बऱ्याचदा येतानाच घेऊन आलेलं असतं.

पहिली पायरी कुणाच्याच लक्षात येत नाही. पिल्लू जरा गप्प होतं. खेळायला बोलावलं तर शेपटी हलवतं पण उठत नाही, कोपऱ्यात नाहीतर थंड फरशीवर जाऊन पडतं, जेवणाचा वास घेऊन तोंड फिरवतं. पिल्लानं एक वेळचं जेवण सोडणं म्हणजे साधी गोष्ट नाही, मोठ्या कुत्र्याचं चालतं, पिल्लाचं नाही. ताप असू शकतो.

मग उलट्या. आधी खाल्लेलं पडतं, नंतर पिवळं पाणी किंवा पांढरा फेस, आणि मग पाणी प्यालं तरी दोन मिनिटात बाहेर. इथं लोक घोटाळा करतात, जुलाब नाहीत ना मग पार्वो नाही असं समजतात. जुलाब बऱ्याचदा उलटीनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

मग जुलाब. सुरवातीला पातळ पिवळसर किंवा करडे, चिकट, मग पाण्यासारखे, मग रक्ताचे, आणि त्याला एक घाण उग्र वास येतो, सडक्या मांसासारखा, एकदा घेतला की विसरत नाही. पण दोन गोष्टी: एक, प्रत्येक पार्वोत रक्त पडतंच असं नाही, काही पिल्लं रक्त न पडता पण जातात. दोन, रक्त पडायला लागलंय म्हणजे आतडं सोलून झालेलं आहे, तुम्ही आधीच उशीर केलाय. म्हणून साधा नियम सांगतो, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, लस पूर्ण नाही, आणि मलूल + जेवण सोडलं + उलटी हे तिन्ही एकत्र दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. रात्र असेल तर फोन तरी त्याच रात्री.

घरच्या घरी तीन गोष्टी तपासता येतात. ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी आणि ओल्या पाहिजेत, बोटानं दाबून सोडलं की पांढरा डाग दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या चिकट, कोरड्या, फिकट असतील तर अंगातलं पाणी बरंच गेलंय. दुसरं, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून उचलून सोडा, पटकन खाली बसली पाहिजे, तंबूसारखी उभी राहिली तर वाईट. मुधोळसारखी मुळातच सडपातळ पिल्लं असतात त्यांच्यात कातडीवरनं नीट कळत नाही, तिथं हिरड्यांवरच विश्वास ठेवा. तिसरं, ताप, साधा डिजिटल थर्मामीटर टोकाला खोबरेल तेल लावून मागनं आत घालायचा. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यासारखं ९८ नाही, त्यामुळं कान गरम लागतात म्हणून ताप आला असं ठरवू नका. १०३.५ च्या वर ताप. आणि ९९ च्या खाली गेलं असेल, पाय गार पडले असतील, तर तो ताप "उतरला" नाही, पिल्लू हातातनं चाललंय, तेव्हा तपासत बसू नका, निघा.

पार्वोसारखं दिसणारं दुसरं पण बरंच असतं. जंत फार झाले तरी रक्ताचे जुलाब होतात, त्यातल्या एका जातीच्या जंतात शी काळी डांबरासारखी होते आणि हिरड्या पांढऱ्याफट्ट पडतात, पण पिल्लू सहसा थोडंफार खात असतं. उसाच्या फडाकडं फिरणाऱ्या पिल्लानं फवारणीचं औषध चाटलं तर तोंडाला लाळ, थरथर, झटके येतात. उंदराच्या औषधात नाकातनं हिरड्यातनं रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग दिसतात. डिस्टेंपर म्हणून दुसरा एक व्हायरस आहे, त्यात डोळ्यानाकातनं पू, खोकला, आणि नंतर अंग उडायला लागतं. गोचीड तापात ताप आणि अशक्तपणा जास्त. हाड किंवा कापड आतड्यात अडकलं तरी उलट्या थांबत नाहीत. हे सगळं सांगतोय ते तुम्ही घरी बसून ठरवावं म्हणून नाही, यातलं एकही दुखणं "बघूया" म्हणण्यासारखं नाही हे कळावं म्हणून. आणि जंत आणि पार्वो दोन्ही एकत्र असणं तर अगदी नेहमीचं आहे, त्यामुळं शीमध्ये जंत दिसला म्हणून पार्वो नाही असं समजू नका.

फोन आणि दवाखान्यात जाणं

आधी फोन करा, तसंच पिल्लू घेऊन दवाखान्यात घुसू नका, कारण तिथं दुसऱ्यांची लहान पिल्लं पहिल्या लसीसाठी आलेली असतात. फोनवर गोष्ट सांगत बसायचं नाही, एवढंच बोला, "सर, पिल्लू अडीच महिन्याचं आहे, लसीचा एकच डोस झालाय, काल संध्याकाळपासनं जेवलं नाही, रात्रीपासनं चार-पाच उलट्या झाल्या, सकाळी पातळ शी झाली, हिरड्या चिकट लागतात, पार्वोची शंका आहे, आत आणू की बाहेर थांबू?" बस. कंपाउंडर कानडी बोलणारा असला तर वांती-भेदी म्हटलं तरी त्याला कळतं.

नेताना प्लास्टिकचा क्रेट किंवा पुठ्ठ्याचा खोका, खाली रद्दी पेपर, वर जुनं फडकं. जमिनीवर सोडायचं नाही, दवाखान्याच्या पायरीवर पण नाही. लसीचं कार्ड घ्या. शीचा आणि उलटीचा मोबाईलवर फोटो काढा, किळस वाटली तरी काढा, डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. शी ताजी असेल तर डबीत थोडी घेऊन जा.

जायचं कुठं? बेळगावात आणि आसपास राहणाऱ्यांना खाजगी पेट क्लिनिक आहेत. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ, संकेश्वर-हुक्केरीकडचे गडहिंग्लजला जातात, बीदरच्या बाजूला असाल तर तिथं पशुवैद्यकीय कॉलेजच आहे. पण आडगावात असाल आणि रात्री दोन तासांचा रस्ता असेल तर आधी गावातल्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरला विचारा, ते दिवसभर गाई-म्हशींत असले तरी सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक एवढं सुरू करून देऊ शकतात आणि ते पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, मुख्यतः गुराढोरांसाठी, तरी विचारून बघायला पैसे पडत नाहीत. फक्त ते झोळीत सिरिंज घेऊन फिरणारे, शिक्षण काय ते माहीत नसलेले इंजेक्शनवाले, त्यांच्या नादाला लागू नका. ताप उतरवायला म्हणून सरसकट स्टेरॉइड मारलं की आधीच कमी झालेली प्रतिकारशक्ती अजून खाली जाते.

दवाखान्यात एक छोटी किट टेस्ट करतात. कापसाच्या काडीनं मागनं नमुना घेतात, दहा-पंधरा मिनिटात रेघा उमटतात, प्रेग्नन्सी टेस्टसारखंच. पॉझिटिव्ह आली तर पार्वो, मात्र नुकतीच, म्हणजे साधारण चार ते दहा दिवसांपूर्वी, लस दिली असेल तर कधीकधी फिकट रेघ लसीमुळं पण येऊ शकते, म्हणून लसीची तारीख सांगायला विसरू नका. निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही, फार लवकर किंवा फार उशिरा केली तर चुकते, डॉक्टर एक-दोन दिवसात परत करायला सांगतील. सोबत रक्ताची तपासणी सांगितली तर नाही म्हणू नका, त्यात पांढऱ्या पेशी किती खाली गेल्यात ते कळतं, आणि पुढं त्या परत वर चढायला लागल्या की तेच सगळ्यात चांगलं लक्षण.

सलाईनचे दिवस

उपचार न केलेल्या पिल्लांतली बहुतेक सगळी जातात. वेळेवर आणि नीट उपचार केलेल्यांतली मोठ्या दवाखान्यांत १० पैकी ८-९ वाचतात. एवढा फरक आहे, आणि तो फरक कुठल्या महागड्या औषधामुळं नाही, पाण्यामुळं आहे.

शिरेतनं सलाईन, म्हणजे पायाला सुई लावून, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. त्यात नुसतं पाणी नाही तर पोटॅशियम, साखर हे पण हिशोबानं घालावं लागतं कारण उलटी-जुलाबात ते पण जातं. उलटी थांबवायचं इंजेक्शन, रक्तात शिरलेल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक, पोटदुखीसाठी औषध. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही हे खरं, पण ते व्हायरससाठी नसतंच, त्यामुळं "व्हायरस आहे ना मग अँटिबायोटिक कशाला" म्हणून डॉक्टरशी वाद घालू नका.

सकाळी एक बाटली लावून घरी पाठवणं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावणं हे आपल्याकडं जास्त चालतं कारण रात्री ठेवून घेणारे दवाखाने कमी. मग काय करायचं? विचारायचं, की संध्याकाळी परत आणू का, कातडीखाली सलाईन द्यायला घरच्यांना शिकवता का. कातडीखाली दिलं की खांद्यामागं पाण्याचा फुगा येतो आणि हळूहळू जिरतो, घाबरू नका, तसंच असतं. परदेशात अशा घरी-ठेवून-रोज-दाखवून पद्धतीचा नीट अभ्यास झालाय आणि त्यातही १० पैकी ८ च्या आसपास पिल्लं वाचली, पण तिथं दिवसातनं अनेकदा बघणारं, औषध देणारं माणूस होतं आणि सुरवातीला शिरेतनं पाणी भरून मगच पुढचं केलं होतं. पिल्लू गार पडलंय, उभं राहत नाही अशा वेळी कातडीखालचं पाणी शोषलंच जात नाही, तिथं शीरच पाहिजे.

खर्च पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. पाच ते सात दिवस धरून चला. दोन दिवसांनी पिल्लू जरा डोळे उघडून बघायला लागलं की लोक उपचार बंद करतात आणि मग परत पडतं. पहिले तीन-चार दिवस काढले की गाडी रुळावर यायची शक्यता बरीच वाढते.

खाण्याचं: पूर्वी उलटी थांबेपर्यंत उपाशी ठेवा म्हणायचे, आता उलटीचं औषध चालू असताना लवकरात लवकर थोडं थोडं पोटात गेलं तर आतडं लवकर भरून येतं असं दिसलंय. पण ते डॉक्टरनं सांगितल्यावर, चमच्याच्या हिशोबानं. मऊ शिजवलेला भात आणि बिनहाडाची उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-तेल काही नाही, दर दोन-तीन तासांनी चमचाभर. दूध नको. आजारी पिल्लाला ताकद यावी म्हणून कुंदा (खव्याची मिठाई) चारणारे महाभाग पण आपल्या बेळगावातच भेटणार.

घरी काय करू नये

तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, ओआरएस, ताक, नारळपाणी काहीही, उलटी होणाऱ्या अशक्त पिल्लाच्या ते फुफ्फुसात जातं आणि एकाचे दोन आजार होतात. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन कुत्र्याला देऊ नका, ब्रुफेननं तर पोटातनं आधीच रक्त येत असेल ते वाढेल आणि किडनी जाईल. जुलाब बंद करायची माणसाची गोळी नको. हळद, लसूण, कांद्याचा रस, राख, तंबाखूचं पाणी (हो, निपाणी भागात हे पण ऐकलंय) काहीही नको, कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्ताला विषारी आहे आणि तंबाखू सरळसरळ विष. आजारी पडल्यावर "आता तरी लस देऊया" हे पण नको, लस हा इलाज नाही.

एकच गोष्ट वाटेत करता येते, पिल्लू एकदम लुळं आणि गार पडलं असेल तर साखरेचं किंवा गुळाचं घट्ट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा, गिळायला लावू नका, नुसतं चोळा, आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. आणि चालत राहा दवाखान्याकडं.

घर आणि अंगण

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. फिनेल ओतून उपयोग नाही. डेटॉल नाही. सॅनिटायझर नाही, साबण नाही. या व्हायरसला बाहेरनं चरबीचं आवरणच नसतं म्हणून या गोष्टींनी त्याचं फारसं काही बिघडत नाही. फिनेलनं फक्त वास चांगला येतो आणि पिल्लानं चाटलं तर त्रास वेगळाच.

चालतं ते ब्लीच. बाजारात मिळणारं पातळ ब्लीच असेल तर १ भाग ब्लीच ३० भाग पाणी. पंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर असेल तर १० लिटरच्या बादलीला ६० ग्रॅमच्या आसपास, पण पावडर ताजी पाहिजे, उघडी पडलेली, वास गेलेली पावडर म्हणजे चुना. आधी शी-उलटी सगळी खरडून काढा, साबणाच्या पाण्यानं घासून धुवा, मग ब्लीच ओता आणि किमान दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्यानं धुवून टाका. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. खिडक्या उघड्या ठेवा, पिल्लांना लांब ठेवा.

आता आपल्याकडची अडचण, शेणानं सारवलेलं किंवा मातीचं अंगण. तिथं ब्लीच नीट चालतच नाही. काय करता येईल तर वरचा थर खरवडून लांब खड्ड्यात पुरा, जागा उन्हात मोकळी करा, वरची झाडाची फांदी तोडून ऊन खाली येऊ द्या, पाणी साचू देऊ नका. तरी ती जागा वर्षभर संशयितच धरा. आजारी पिल्लाची शी उकिरड्यावर टाकू नका, दुसरी कुत्री तिथंच हुंगायला येतात, पुरा नाहीतर पिशवीत बांधून टाका.

घरात दुसरं कुत्रं असेल तर एकाच माणसानं आजारी पिल्लाचं करायचं, आधी चांगल्याला खायला घालायचं मग आजाऱ्याकडं जायचं, उलटं नाही, आणि आजाऱ्याकडं जायची चप्पल वेगळी, दाराबाहेरच ठेवायची. बरं झालेलं पिल्लू पण विष्ठेतनं पुढं दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, व्हायरस टाकत असतं, म्हणून महिनाभर तरी रस्त्यावर, दुसऱ्यांच्या कुत्र्यांकडं नेऊ नका, बाहेर काढायच्या आधी अंघोळ घाला कारण केसांत पण राहतो.

लस, आणि एक डोस म्हणजे लस नव्हे

"लस झालीय ना" विचारलं की लोक हो म्हणतात आणि कार्ड बघितलं तर एक डोस, किंवा नुसतं रेबीजचं इंजेक्शन. रेबीजची लस पार्वोवर चालत नाही, ती वेगळी, ती पण पाहिजेच, पण ती वेगळी.

पार्वोची लस ६ ते ८ आठवड्यांपासनं सुरू होते, दर २ ते ४ आठवड्यांनी परत, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर पडला पाहिजे. मग पिल्लू सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर बूस्टर. इतक्या वेळा का? पिल्लाला आईच्या चिकातनं तयार संरक्षण मिळतं, ते हळूहळू कमी होतं. ते जोपर्यंत अंगात आहे तोपर्यंत ते लसीलाच मारून टाकतं, आणि मधे एक काळ असा येतो की ते व्हायरस अडवायला पुरत नाही पण लस बिघडवायला पुरतं. हा काळ कुठल्या पिल्लात सातव्या आठवड्यात येतो कुठल्या पिल्लात चौदाव्या, बाहेरनं कळत नाही, म्हणून डोस मागून डोस. तीन डोस झाले पण शेवटचा बाराव्या आठवड्यातच संपवला असेल तर डॉक्टरला सरळ विचारा, सोळाव्यानंतर अजून एक द्यायचा का.

लस फ्रीजमधली पाहिजे, २ ते ८ डिग्री. मेडिकलमधनं घेऊन, खिशात टाकून, एप्रिलच्या उन्हात बाइकवरनं वीस किलोमीटर आणलेली लस म्हणजे पाणी टोचल्यासारखं. दवाखान्यातच टोचून घ्या, बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, तारीख आणि सही घ्या. आधी जंताचं औषध झालेलं असावं आणि पिल्लू त्या दिवशी ठणठणीत असावं.

पिल्लू विकत घेताना, मग ते ओळखीतनं असो, ऑनलाइन ग्रुपवरनं असो की मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या सरकारी केंद्रातनं आणलेलं मुधोळ असो, कार्ड हातात मागा, तोंडी "सगळं झालंय" यावर जाऊ नका. ४५ दिवसांच्या आतलं पिल्लू आईपासनं तोडून देणाऱ्याकडनं घेऊच नका. आणल्यावर शेवटचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत रस्त्यावर, बागेत, किल्ल्यात फिरायला नेऊ नका, खाली सोडू नका. उचलून फिरवा, माणसं दाखवा, गाड्यांचे आवाज ऐकवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात खेळवा, नुसतं कोंडून ठेवलं तर पुढं भित्रं होतं.

आणि ज्यांच्या घरात पार्वोनं पिल्लू गेलंय आणि महिन्याभरात मुलं दुसऱ्यासाठी मागं लागलीत त्यांनी, थोडं थांबा. मातीचं अंगण असेल तर वर्षभर लहान पिल्लू नकोच, आणायचंच असेल तर सगळे डोस होऊन दोन आठवडे गेलेलं मोठं पिल्लू नाहीतर लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणा. फरशीचं घर असेल आणि ब्लीचनं नीट दोन-तीनदा धुतलं असेल तरी हेच बरं. आधीच्या पिल्लाची गादी, पट्टा, चघळायची खेळणी जाळून टाका, स्टीलची ताटली तेवढी घासून ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, परत धुवून वापरली तर चालते.